दोन मुठी मीठ

परवा संध्याकाळी आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेतून धूर आला, आणि तो नाकात शिरताच मी हातातली भाजी तशीच टाकून गच्चीत जाऊन उभी राहिले. गोवऱ्यांचा धूर, आणि त्याच्या पोटात कणीक खरपूस भाजल्याचा वास. बांधकामावरच्या चार-पाच कुटुंबांनी गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांत रोडगे लावले होते. ही माणसं आमच्या वऱ्हाडातली असणार हे मला न विचारता कळलं, कारण कणकेचे गोळे निखाऱ्यात गाडून भाजायचे आणि फोडून त्यावर तूप ओतायचं, ही तऱ्हा आमचीच. शेजारच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ही लोकं अशीच." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, सवयीनं म्हणाल्या. पण हे वाक्य मी परकर-पोलक्याच्या वयात तीन वर्षं रोज ऐकलं होतं. ज्यांच्याविषयी ते बोललं जायचं त्यांच्यातल्याच एका बाईनं माझं लग्न निभावून नेलं.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे. मधून नदी, नदी कसली, पावसाळ्यात चार दिवस फुगणारी आणि एरवी वाळूचा पट्टा होऊन पडून राहणारी. अलीकडची वस्ती वरला पुरा, पलीकडची खालचा. आम्ही वरल्या पुऱ्यातले, काळ्या जमिनीचे, ज्वारी-कपाशीचे, आणि घरात काही असो-नसो, मिशीला पीळ देणारे. खालच्या पुऱ्यात मळेकरी घरं. वांगी, मिरची, कांदा पिकवणारी, पहाटे मोट धरणारी, आमच्यापेक्षा दुप्पट राबणारी. पिढ्यान् पिढ्या दोन्ही पुरे एकमेकांच्या आधारानं जगले. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी एक वर्ष आमच्याकडची जाई, एक वर्ष त्यांच्याकडची. मग एका साली गुरांत रोग आला आणि पोळा भरलाच नाही. पुढच्या वर्षी पाळी कुणाची, एवढाच काय तो प्रश्न. न भरलेला पोळा धरायचा की सोडायचा? त्यावरून तोरणाखाली दोन्हीकडच्या जोड्या एकदम घातल्या गेल्या, बैल बिथरले, एकाचं शिंग मोडलं, एका म्हाताऱ्याचा पाय गेला, आणि नदीच्या दोन काठांवर दोन गावं झाली.

आज इतक्या वर्षांनी त्या वैराकडे पाहताना मला नवल वाटतं ते त्याच्या सोपेपणाचं. काल ज्या माणसाला आपण नावानं, त्याच्या तोतरेपणासकट, त्याच्या गाईच्या खोडीसकट ओळखत होतो, तो आज नुसता 'त्यांच्यातला' होतो. मग तो हसला तर कुचेष्टेनं हसला, आणि न हसला तर माजला. आमच्याकडच्या पोरानं त्यांच्या मळ्यातली काकडी तोडली तर ते पोर अवखळ. त्यांच्या पोरानं आमच्या चिंचा पाडल्या तर ती जातच चोर. पुढे सासरी नांदून आल्यावर मी खालच्या पुऱ्यातल्या एका म्हातारीकडून त्या पोळ्याची हकिकत ऐकली, तेव्हा मला हसू आवरेना. आमच्याकडे सांगत तीच गोष्ट, तेच शब्द, तीच शिंगं, फक्त माणसं आलटून-पालटून बसवलेली. दोन्हीकडचे लोक मनापासून खरं बोलत होते, हीच त्यातली पंचाईत होती.

भांडणानंतर गावकीची वाटणी झाली. मारुतीच्या देवळाच्या खोलीत लग्नकार्याची सामाईक भांडी असत. दोन्हीकडचे पंच तिथं बसले आणि न बोलता, एक नग इकडे, एक नग तिकडे, अशी वाटणी केली. रागाच्या भरात कोणाला कशाचं भान नव्हतं. चार माणसांनी उचलावेत असे तांब्याचे दोन्ही गंज आमच्याकडे आले, आणि ते ढवळायचे लांब दांड्यांचे सराटे, कणीक मळायच्या पराती आणि झाकणं तिकडे गेली. नग बरोबर वाटले गेले, फक्त स्वयंपाक कोणालाच करता येईना. तीन वर्षं दोन्ही पुरे आपापल्या लग्नांना अमडापूरहून भांडी मागून आणत आणि नाक वर करून मिरवत.

माझं लग्न ठरलं ते वैशाखातल्या शेवटच्या लग्नतिथीला. सासर सुलतानपूरचं. राज्य नवंच झालेलं होतं, आमच्याकडे एसटी सुरू झाली होती, तरी आमचं वऱ्हाड बैलगाड्यांनीच यायचं होतं. त्याच तिथीला खालच्या पुऱ्यातही एक लग्न होतं. ती नवरी माझ्याबरोबर चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलेली. तीन वर्षांत आम्ही एकमेकींकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. तिचं वऱ्हाड जळगाव जामोदहून एसटीनं येणार होतं. आणि लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा अमडापूरहून निरोप आला की त्या दिवशी त्यांच्याकडेच तीन मांडव आहेत, भांडी मिळणार नाहीत. बाबा ओट्यावर डोकं धरून बसले. वऱ्हाड उपाशी गेलं तर ते बोलणं मला जन्मभर ऐकावं लागणार होतं, हे त्या वयातही मला स्वच्छ कळत होतं. सुलतानपूरच्या माणसांची जीभ कशी आहे ते स्थळ पाहायला आले तेव्हाच कळलं होतं.

वाट काढली ती पलीकडच्या नवरीच्या आईनं. चुडा भरायला येणारी कासारीण तेवढी दोन्ही पुऱ्यांत जात-येत असे. माझ्या मनगटात बांगड्या चढवता चढवता ती आईला म्हणाली, "तिकडच्या बाईनं निरोप देला हाय. गंज तुमच्याकडे, सराटे-पराती आमच्याकडे. नदीत एकच चूल मांडा, दोन्ही मांडवाचं एकात होऊन जाईन. बोलाचं काही काम नाही म्हणे." आईचा चेहरा कठीण झाला. बाबा मात्र आतून म्हणाले, "हो म्हण. बोलाचं नाही ना? मंग झालं तं."

हळद लागलेल्या नवरीनं उंबरठा ओलांडायचा नसतो, म्हणून मी धाब्यावर चढले. मातीचं सपाट छप्पर, तिथून सगळी नदी दिसे. सकाळच्या उन्हात वाळूत गोवऱ्यांचा लांबलचक जगरा पेटला होता. इकडून गंज आले, तिकडून पराती आल्या. बायका शेजारी बसून कणीक मळत होत्या आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पाणी हवं तर नुसता तांब्या पुढे केला जाई. रोडगे वळायला गेले की आमच्याकडच्या काकू ते मोठे करत, तिकडच्या बायका लहान, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर सगळे मधल्या मापाचे होऊ लागले होते. समोरच्या काठावर दुसऱ्या एका धाब्यावर पिवळी पिवळी एक मूर्ती उभी होती. मी हात वर केला नाही. तिनंही केला नाही. पण दोघींपैकी कोणी खाली उतरलं नाही.

आता आमच्याकडची एक चाल सांगायला हवी. लग्नाच्या भाजीत मीठ टाकते ती नवरीची आई. दुसऱ्या कोणी मिठाला हात लावायचा नाही. तो तिचा मान. एरवी यात अडचण येत नसे, कारण एका गंजाला एकच नवरी असते. इथं चुलीवर गंज एक होता आणि आया दोन. वांग्याची भाजी रटरटायला लागली, आणि मला वरून एवढंच दिसलं की आधी पलीकडची बाई गंजाशी वाकली, मग काही वेळानं आई वाकली.

काकांनी चव घेतली आणि थू करून वाळूत टाकली. "खारट जहर केलं यांनी. मुद्दाम केलं. आपल्या पोरीचं लग्न नासवाचं होतं." तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी मोठ्यानं बोललं होतं, आणि ते हे. पलीकडचे पुरुष उठले. एकाच्या हातात सराटा होता, आणि लांब दांड्याचा सराटा हातात असला की तो नुसता ढवळायचा राहत नाही. गाड्या तर अर्ध्या वाटेत आल्या असतील, भाजी गेली, आणि आता डोकी फुटणार.

तेवढ्यात ती पलीकडची नवरीची आई दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. ठेंगणी, काटक, डोक्यावरचा पदर घट्ट. "मीठ मीच टाकलं," ती म्हणाली. "दोन्ही डाव मीच टाकलं. पोरीच्या लग्नात डोकं ठिकाण्यावर राहते का? मले काय बोलाचं ते मांगून बोला. आधी भाजी सुधरवा, दोन पोरी हळद लावून बसल्या हायत."

तिचा नवरा सगळ्यांदेखत तिला टाकून बोलला. तिच्या जावा कुजबुजल्या. तिनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. आई गंजाजवळ पुतळ्यासारखी उभी होती. पण काकांचा उगारलेला हात खाली आला, कारण चूक कबूल करणाऱ्याला मारायची सोय कुठल्याच भांडणात नसते. आणि मग एकदम सगळ्यांना बोलावंच लागलं. "वांगे आणा बे, मळ्यात अजून हायत," "तूरडाळ काढा वाड्यातून," "दुसरा गंज चुलीवर चढवा," "पाणी, पाणी." त्यांच्याकडची पोरं वांग्यांची पोती आणत होती, आमच्याकडच्या बायका दाण्याचं कूट घालत होत्या, काका स्वतः पलीकडच्या माणसाबरोबर सराटा धरून ढवळत होते आणि त्याला शिव्या देत होते, पण त्या आता घरच्या शिव्या होत्या. एका गंजाची भाजी दोन गंज भरून झाली. दोन वऱ्हाडं जेवून दोन्ही पुरे जेवले तरी ती सरेना, आणि पंगती मांडताना वाळूत मधे जागा सोडायची कोणाला आठवण राहिली नाही. सुलतानपूरच्या म्हाताऱ्यांनी बोटं चाटली. मी त्या दिवशी मान ताठ ठेवून गाडीत बसले.

त्यानंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. कुरबुरी पुन्हा झाल्या. पण भांडी देवळात परत आली, आणि 'ते' म्हणताना आमच्याकडच्या माणसांच्या डोळ्यांसमोर आता सगळा पुरा न येता कोणीतरी एक माणूस येऊ लागला. मला वाटतं, माणसं मनानं जवळ येतात ती उपदेशानं येत नाहीत. एकच भाजी वाचवायची असली, की हात आपोआप एका दांड्यावर येतात.

आई थकली तेव्हा मी महिनाभर माहेरी होते. एका दुपारी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाई, तुह्या लग्नातली ती दुसरी मूठ माही होती."

मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं ना तिनं टाकलंय ते. कोणी बोलतच नव्हतं."

"मले दिसलं होतं. तिनं टाकताना म्या माह्या डोयानं पाह्यलं. तरी टाकलं. माह्या पोरीच्या भाजीत पहिलं मीठ तिचं काऊन?" मग म्हणाली, "तुह्या लग्नापरीस मले तो मान मोठा वाटला. अन् तिनं माह्यं नाव नाही घेतलं. जाऊन सांगशीन का तिले?"

मी नदी ओलांडून गेले. ती मळ्यात वांगी तोडत होती, कमरेत वाकलेली. मी आईचं सांगणं सांगितलं, आणि सांगताना माझे डोळे वाहत होते. तिनं टोपली खाली ठेवली.

"मले ठाऊक हाय माय. तिनं पाह्यलं, अन् तिनं पाह्यलं हे म्या पाह्यलं." मग जरा लाजून हसली. "पण पहिलं मीठ म्या घाईनं टाकलं, ते तिच्या आधी मान घ्याले. म्या घाई नसती केली तं तिनं काऊन टाकलं असतं? मंग दोन्ही मुठी माह्याच झाल्या ना? म्या काही खोटं नाही बोलली."

घरी येऊन आईला मी अक्षर न् अक्षर सांगितलं. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं, तरी कपाळावर जुनी आठी उमटलीच. "तिले म्हण, माही मूठ माह्यापाशीच राहू दे," ती म्हणाली. "ते काही तिले देत नाही मी."

दुसऱ्या दिवशी पलीकडची बाई काठी टेकत आईला भेटायला आली. दोघी दिवसभर बसल्या. पाऊसपाणी, लेकी, नातवंडं, सगळं बोलून झालं आणि मध्येमध्ये मिठावरून वाद चालला, की चूक तुझी नाही, माझी. मानासाठी भांडलेल्या दोन बाया आता चुकीसाठी भांडत होत्या, आणि मी दाराशी बसून त्यांचं भांडण कधी संपू नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होते. आता दोघीही नाहीत. जळगाव जामोदला दिलेली पलीकडच्या बाईची लेक आणि मी दर दिवाळीत माहेरी भेटतो, आणि भेटलो की पहिल्या चहालाच हा वाद काढतो. ती माझ्या आईची बाजू घेते आणि मी तिच्या आईची.