पोनियेम पहिल्यांदा ‘अरे’ म्हणाली तेव्हा

पोनियेमच्या तोंडून वाकडा शब्द निघाल्याचं सेरुत नदीच्या दोन्ही काठांवर कुणाला आठवत नव्हतं. कोंबडी टपरीत शिरली तरी ती म्हणायची, “आपण जरा बाहेर होता का?” नवऱ्याला, तुमिजानला, सव्वीस वर्षं ‘अहो’च. तो मित्रांना तिची नक्कल करून दाखवायचा, मान खाली, आवाज साखरेत घोळलेला: “अहो, आपल्या पायावर विंचू बसलाय असं वाटतं. गैरसमज नसावा.”

टपरी वरच्या पुलापाशी. चहा, तळलेली केळी आणि खिळ्याला टांगलेला वॉकीटॉकी. मेरापी ज्वालामुखीच्या माथ्यावर पाऊस कोसळला, की राख, वाळू आणि घराएवढे धोंडे घेऊन नदी चिखलाची होऊन धावत सुटते. पुलाखालून गेलेला लोंढा खालच्या पात्रात वाळू उपसणाऱ्यांपर्यंत बारा मिनिटांत पोचतो. त्याआधी त्यांना कळवायचं, हे पोनियेमचं काम. मात्र नदीवर पुराचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर बोलावल्यासारखा येतो. मेरापी म्हणजे आजोबा, आणि पूर म्हणजे आजोबांचे पाहुणे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या दुपारी खाली लख्ख ऊन होतं आणि टपरीतले पेले आपोआप किणकिणायला लागले. सडक्या अंड्यांचा वास आला. वरच्या वळणावर करडी भिंत चालत येताना दिसली. पोनियेमने बटण दाबलं.

“आजोबांचे पाहुणे निघालेत. सगळ्यांनी वर यावं.”

खाली तुमिजान धरून अकरा जण पात्रात फावडी मारत होते. त्यांच्याकडचा वॉकीटॉकी उन्हात तापतो म्हणून तुमिजानने तो वाळूच्या ट्रकच्या केबिनमध्ये ठेवला होता. आणि केबिनमध्ये बसला होता हारगोनो. समुद्रकाठच्या रेम्बांगचा ड्रायव्हर, या नदीवरची त्याची पहिलीच खेप.

“कोण बोलतंय?”

“मी पुलावरची पोनियेम. आपण कृपा करून वर यावं.”

“छे छे, ताई, बोलावलंत हेच खूप. मी आत्ताच जेवलो.”

आता, आमच्याकडे पहिल्या आमंत्रणाला कुणी हो म्हणत नाही, दुसऱ्यालाही नाही. हारगोनोला घरचं वळण चांगलं होतं. आणि पोनियेमचं असं, की जीव जितका घाबरा तितकी जीभ मऊ.

“पाहुणे मोठे आहेत, दादा. फार घाईत आहेत.”

“मग मी परका मध्येच कशाला? आजोबांना नमस्कार सांगा. वय काय हो त्यांचं?”

लोंढा पुलाखाली घुसला. खांबावर धोंडा आदळला आणि टपरीसकट पोनियेम हलली.

“आपण आपले चरण जरा...” ती बोलली, आणि स्वतःचं बोलणं ऐकून थबकली. घसा खाकरला.

“अरे ए गाढवा! पूर आलाय, पूर. कसले पाहुणे आणि कसलं जेवण. नदी येतेय तुझ्या मढ्यावर. हॉर्न दाब, माझ्या नवऱ्याला हाक मार, ती सगळी माकडं काठावर चढव. ट्रक गेला खड्ड्यात. पळ, मेल्या, पळ!”

क्षणभर नुसती खरखर. मग हॉर्न. लांबलचक, गळा काढल्यासारखा. मग तोही थांबला.

पोनियेम घड्याळाकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटं. बारा. पंधरा. चुलीवरची केळी करपून कोळसा झाली. सतराव्या मिनिटाला यंत्र खाकरलं.

“अकराही वर आहेत,” तुमिजान धापा टाकत होता. “ड्रायव्हरसुद्धा. ट्रकचा नुसता टप दिसतोय.”

पोनियेमने करपलेली केळी चुलीवरून उतरवली. “त्यांना सांगावं, माझ्या तोंडून भलतंच गेलं. क्षमा असावी.”

“तो विचारत होता, ती बाई कोण. मी म्हटलं, माझी बायको.”

“मग?”

“माझ्या खांद्यावर हात ठेवला बिचाऱ्याने. म्हणाला, सोसता कसं हो तुम्ही?”