बनाबाई फुटबॉल खेळायची

लढाई संपली त्या साली दिवाळीच्या तोंडावर सयाजी घरी आला. लोणंदच्या स्टेशनावरून बैलगाडीनं त्याला गावात आणलं. खंडाळ्याच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी वसलेलं ते गाव पलटणीला पोरं देणारं होतं, त्यामुळे कुणाचं येणं आणि कुणाचं न येणं या दोन्हीची गावाला सवय होती. सयाजी आला, पण त्याचा डावा पाय गुडघ्याखाली इटलीतल्या सुरुंगानं नेला होता. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्याला लाकडाचा पाय बसवून दिला होता.

बनाबाई त्याची बायको. लग्न लागलं तेव्हा ती पोरसवदा होती आणि हळद उतरायच्या आत नवरा पलटणीत परत गेला होता. एवढ्या वर्षांत त्याचा चेहरा तिच्या मनात पुसट होत गेला. लक्षात राहिली होती ती त्याची चाल. पायाखालची वाट आपल्या मालकीची असावी तसा तो बिनघोर चालायचा. आता गाडीतून जो उतरला त्याची चाल निराळीच होती, आणि बनाबाईला वाटलं, आपण एका परक्या माणसासाठी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या आहोत.

त्याच्या ट्रंकेत दोन गरम कपडे, एक मफलर आणि एक चामड्याचा फुटबॉल निघाला. पलटणीच्या संघात तो खेळायचा म्हणे. त्यानं फुटबॉल चामड्याच्या वादीनं खुंटीला अडकवला आणि सोप्यात बसून राहिला. बोलणं जवळजवळ नव्हतंच. त्याची आई शालूबाई मीठमोहऱ्या ओवाळून थकली.

एका सकाळी बनाबाई सोपा झाडत होती. वादी सुटून फुटबॉल खाली पडलेला तिला दिसला नाही. मागं सरताना तिची टाच त्याला लागली आणि तो घरंगळत उंबऱ्यापाशी गेला. घरातल्या वस्तूला पाय लागला की करायचं तेच तिनं केलं. झाडणी बाजूला ठेवली, वाकून फुटबॉलला हात लावला आणि तो हात छातीला टेकवला.

मागून हसण्याचा आवाज आला. आल्यापासून हसला नव्हता तो माणूस भिंतीला डोकं टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता.

"अगं बने," तो म्हणाला, "त्येला पायच लावायचा असतो."

त्या दिवसापासून ते परके राहिले नाहीत.

ज्वारी निघाल्यावर रान मोकळं झालं. पहाटे खंबाटकी घाटाच्या अंगानं धुकं उतरायचं आणि ओढ्याकाठच्या पट्टीत भरून राहायचं, इतकं दाट की बांधावरची बाभळ नुसत्या सावलीसारखी दिसे. सयाजी बांधावर बसायचा आणि बनाबाईला फुटबॉल मारायला लावायचा. अंगठ्यानं मारू नको, पावलाचा वरचा भाग लाव. पाय बघू नको, फुटबॉल बघ. ती लुगड्याचा कासोटा घट्ट करून अनवाणी पळे. आधी तिला लाज वाटायची. मग कधीतरी फुटबॉल पावलावर नेमका बसला, धप्प असा भरीव आवाज आला, तो धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. बनाबाई तिथंच उभी राहिली. लहानपणी झोपेत आपण उडतो तेव्हा पोटात जसं हलकं होतं, तसं तिला जागेपणी झालं होतं.

सयाजी तिला इटलीतल्या गोष्टी सांगायचा, त्याही लढाईच्या नव्हेत. एका मोडक्या देवळामागं ते खेळायचे, पलीकडे पांढरा डोंगर, बर्फाचा. त्या गावातल्या पोरी कुंपणावर बसून बघायच्या आणि एकदा त्यातल्या दोघीतिघी उड्या टाकून मैदानात आल्या आणि खेळल्याच. पुरुष हसले, पण त्यांना कुणी घालवलं नाही. बनाबाईला हे ऐकताना त्या पोरी दिसायच्या, आणि कशा कुणास ठाऊक, त्या सगळ्या नऊवारीत असायच्या.

अशा गोष्टी गावात लपत नाहीत. पाणवठ्यावर कुजबुज झाली की सयाजीच्या बायकोला वारं लागलंय. कुणी म्हणालं, नवरा अधू झाला म्हणून तिला असं वेड भरलं. शालूबाईनं एक शब्द न बोलता फुटबॉल कणगीत, धान्याखाली दडवला. बनाबाईनं विचारलं नाही. सयाजीनंही विचारलं नाही, पण तो पुन्हा सोप्यात बसला आणि गप्प झाला. दोन-चार दिवसांनी म्हातारीनं स्वतःच कणगीत हात घातला, फुटबॉलवरची ज्वारी पदरानं पुसली आणि सुनेपुढं ठेवला. "अंधारातच जा आन् दिस उगवायच्या आत या," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी निराळंच घडलं. बनाबाई फुटबॉल पायापुढं घेऊन पळत निघाली आणि थांबलीच नाही. बाभळ मागं पडली, शेजारच्याचं रान आलं, तेही मागं पडलं. धुकं दोन्ही बाजूंनी फाटत होतं आणि तिला वाटत होतं की आपण पळत नाही, जमीनच आपल्या खालून वाहतेय. बऱ्याच वेळानं ती वळून आली तर बांधावर कुणी नव्हतं. दवात लाकडी पायाचे गोल ठसे घराकडे गेलेले होते.

त्यानंतर सयाजी रानात येईना. पाय दुखतो म्हणे. बनाबाई आधी घरी राहिली, मग एकटी जाऊ लागली. एके दुपारी ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, तेव्हा तो जवळ येऊन बसला.

"मला वाटलं व्हतं, तू माज्यासाठी खेळतीस," तो म्हणाला.

"पयल्यांदा व्हय."

"आन् आता?"

बनाबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं होतं.

"आता पाय मागत्यात," ती म्हणाली.

सयाजी कितीतरी वेळ तिच्या पावलांकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो काठी घेऊन तिच्या आधी दारात उभा होता.

पलटणीतल्या एका साहेबाच्या ओळखीनं सयाजीला सांगलीत मुलींच्या एका शाळेत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. फाटकाला लागून एक खोली होती. शालूबाई गाव सोडायला तयार नव्हती. ती धाकट्या मुलापाशी राहिली. बनाबाई शाळेत पाणी भरायची, वर्ग झाडायची. मैदानावर मुली लंगडी, खोखो खेळायच्या. एका संध्याकाळी त्यांचा रबरी चेंडू भिंतीपर्यंत आला. बनाबाईच्या दोन्ही हातांत कळशा होत्या, म्हणून तिनं तो पायानं परत केला. चेंडू सरळ रेषेत, गवताला लागून, मागणाऱ्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबला.

व्हरांड्यात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. विधवा, पांढऱ्या लुगड्यातल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी बनाबाईला बोलावून घेतलं, हे कुठं शिकलीस म्हणून विचारलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर जरा विचार करून म्हणाल्या, "मुलींना शिकवशील?"

असा तो खेळ शाळेत आला. सयाजी शिट्टी घेऊन कडेला, बनाबाई मुलींत. मुली परकर वर खोचून पळायच्या. त्यातली लीला नावाची एक सडपातळ मुलगी फार चपळ होती. ती पळताना जीभ बाहेर काढायची. सुरुवातीला मुली फुटबॉलला लाथ मारायलाच कचरायच्या. पाय आपटू नये, पाय पसरू नये, पाय वाजू नये, हे ऐकतच त्या वाढल्या होत्या. बनाबाईला त्यांचं बुजणं ओळखीचं होतं. ती त्यांना सांगायची, डोळं मिटा आन् मारा. एकदा तो आवाज कानावर पडला की पुढं सांगावं लागत नसे.

सांगलीचं संस्थान विलीन झालं त्या वर्षी शहरात या खेळाची चर्चा वाढली. पालक भेटायला येऊ लागले. मुलींची लग्नं व्हायची आहेत, कुठं पडल्या-झडल्या तर काय, शिवाय हे दिसतं कसं. शाळेच्या मंडळावरचे नानासो हळदीचे मोठे व्यापारी. माणूस सभ्य, देणगी देणारा. त्यांनी बाईंना शांतपणे सांगितलं की लोक बोलताहेत. बाई तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, लोकांनी अजून पाहिलेलं नाही, आधी पाहू दे.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी सकाळची वेळ ठरली. शाळेतल्याच मुलींचे दोन संघ. बांबू रोवून गोल केले होते. कृष्णेकडून धुकं चढत होतं आणि त्यातून माणसं येत होती. मुलींच्या आयांसाठी व्हरांड्यात सतरंजी होती. तिथं थोड्याच बसल्या. पुरुष मात्र भिंतीवर चढले, पिंपळाच्या फांद्यांवर बसले, सायकली टेकवून फाटकापाशी उभे राहिले. बाजाराला निघालेल्या माळणी वांग्यांच्या पाट्या उतरवून रस्त्याच्या कडेला थांबल्या.

ऐन वेळी एक मुलगी आलीच नाही. तिच्या वडिलांनी तिला घरातून सोडलं नव्हतं. मोठ्या बाईंनी बनाबाईकडे पाहिलं. बनाबाईनं सयाजीकडे पाहिलं. त्यानं शिट्टी ओठाला लावली होती. तो नुसता मान हलवून हसला.

खेळ सुरू झाला तसा भिंतीवरून कालवा उठला. कुणी शीळ घातली, कुणी कोंबड्या हाकलतात तसे आवाज काढले. बनाबाईला सुरुवातीला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता आणि लुगड्याच्या आत पाय जड झाले होते. मग फुटबॉल तिच्याकडे आला. तो पावलाला लागला, आणि आवाज हळूहळू लांब गेले, नदीच्या पलीकडे कुणी बोलतंय असे. तिच्यापुढं नुसतं पांढरं धुकं होतं, त्यात मुलींच्या परकरांचे रंग तरंगत होते, आणि जमीन पुन्हा खालून वाहू लागली होती.

मधेच ती पडली. लुगडं गुडघ्यावर फाटलं, रक्त आलं. भिंतीवरचे लोक एकदम गप्प झाले. बाई पडली की लोक काय करतात ते त्यांना माहीत होतं. ती उठून पुन्हा पळाली तर काय करायचं ते माहीत नव्हतं. बनाबाई उठली, फाटलेला काठ कासोट्यात खोचला आणि पळाली. त्यानंतर शीळ आली नाही. बराच वेळ मैदानावर फक्त पावलांचा आणि श्वासांचा आवाज होता.

तिनं मारलेला फुटबॉल बांबूवर आपटून परत आला आणि लीलानं, जीभ बाहेर काढूनच, तो आत घातला. टाळ्या झाल्या नाहीत. पिंपळावरून कुणीतरी हळूच "लय भारी" म्हणालं आणि आपण काय बोललो म्हणून गप्प बसलं. रस्त्याकडेच्या माळणींनी इतका वेळ तोंडावर धरलेला पदर खाली घेतला होता.

दोन दिवसांनी मंडळानं खेळ बंद करायला सांगितलं. नानासो स्वतः आले, फाटकापाशी थांबून सयाजीशी बोलले. त्यांनी काही लपवलं नाही. "मी शेवटपर्यंत बघत होतो," ते म्हणाले. "फार चांगलं वाटलं बघायला. म्हणूनच भीती वाटते, सयाजीराव. आमच्या घरातल्या बायकांनीही ते पाहिलंय."

मोठ्या बाई भांडल्या नाहीत. बांबू काढायला लावले आणि मैदानात पुन्हा खोखोचे खांब रोवले. बनाबाई त्या आठवड्यात मुकाट्यानं पाणी भरत राहिली. रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि सयाजी शेकायला मीठ तापवून द्यायचा.

पण सुट्टीच्या सकाळी धुणं घेऊन ती नदीवर जायची. थंडीत कृष्णेचं पाणी आत सरतं आणि आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला ओल्या वाळूचं लांबच लांब मैदान उघडं पडतं. एकदा धुण्याच्या गाठोड्यातून फुटबॉलही गेला. पुढच्या खेपेला लीला दोन मैत्रिणींना घेऊन आली, देवळात जाते असं घरी सांगून. मग आणखी आल्या. त्यांचे संघ नव्हते, गोल नव्हता, शिट्टी नव्हती. सयाजी घाटाच्या पायरीवर ऊन खात बसलेला असायचा. पुलावरून जाणारे लोक आधी थांबून बघायचे. नंतर चालता चालता बघायचे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते बघेनासे झाले, घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांकडे कुणी बघत नाही तसे. बनाबाईला त्या न बघण्याचा फार आनंद झाला होता. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

त्यानंतरच्या थंडीतल्या एका सकाळी रंगुबाई नावाची एक थोराड माळीण बाजाराकडे जाता जाता वाळूत उतरली. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली, चुंबळ काढून त्यावर टाकली आणि बनाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"म्या मारू का एकदा?" तिनं विचारलं.

बनाबाईनं फुटबॉल तिच्या पायाशी सरकवला. रंगुबाईनं लुगडं सावरलं, चार पावलं मागं गेली आणि सगळ्या अंगानिशी लाथ घातली. फुटबॉल मुलींच्या डोक्यांवरून उंच गेला, थेट नदीत पडला आणि संथ पाण्यावर डुलत धुक्यातून खाली वाहू लागला. आधी कुणी हललं नाही. मग लीला पळाली, तिच्यामागं बाकीच्या, आणि रंगुबाईही पाटी तशीच टाकून. बनाबाई सगळ्यांच्या पुढं होती. काठाकाठानं त्या सगळ्या फुटबॉलच्या जोडीनं पळत होत्या, गुडघ्यापर्यंत भिजत, हसत, आणि तो लवकर काठाला लागावा अशी त्यांच्यातल्या कुणालाच घाई नव्हती.