ढवळे सिस्टरांचा उजवा कान

रेकॉर्ड चालू असताना ढवळे सिस्टर दार उघडत नसत. बेल वाजवा, कडी वाजवा, नावानं हाका मारा; एक बाजू संपून सुई उचलली जाईपर्यंत आतून हालचाल नाही. त्यांचा सख्खा भाऊ एकदा कुर्डुवाडीहून पिशवीभर पेरू घेऊन आला होता. त्यानं जिन्यात बसून त्यातले निम्मे संपवले, मग दार उघडलं, असं आमच्या इमारतीत सांगत.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. विजापूर रोडवरच्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. पहिल्याच रविवारी सकाळी छतातून धम धम असा आवाज यायला लागला. मध्येच एखादं ट्रम्पेट किंचाळे. सासूबाई पोथी वाचत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तरातरा वर गेले आणि बेलवर बोट ठेवून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. समोर ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पासष्टीच्या बाई. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात मखमली ब्रश.

"कोण आजारी हाय?" त्यांनी विचारलं.

वत्सला ढवळे सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांच्या दाराशी येत ते इंजेक्शनसाठी नाहीतर रक्तदाब मोजायला. मी म्हणाले, "आजारी कोणी नाही. तुमच्या गाण्याचा त्रास होतोय."

"गाणं न्हाय ते. जॅझ हाय. तरास कुटं होतोय? कानात का छातीत?"

मला हसू आलं, पण त्या गंभीर होत्या. मी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "छातीत."

"मग खरा हाय. चला, दाखवा."

रेकॉर्ड पुन्हा लावून त्या माझ्यामागोमाग खाली आल्या. आमच्या प्रत्येक खोलीत उभ्या राहिल्या, भिंतीला तळहात लावून पाहिला, आणि म्हणाल्या, "बास, म्हंजे जाडा आवाज, खाली उतरतोय. तुमची तक्रार बरोबर हाय, मास्तरीणबाई." मी शाळेत शिकवते हे त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. पुढच्या आठवड्यात जिन्यातून वाळूच्या पिशव्या वर गेल्या, मग चादरींचे गठ्ठे. रविवारी त्या पुन्हा आमच्या हॉलमध्ये येऊन उभ्या. "आता?" "थोडं येतं अजून." तशाच वर गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी छत इतकं गप्प होतं की सासूबाई म्हणाल्या, "ढवळेबाईंना बरं नाही का गं? जाऊन बघ तरी."

म्हणून मी गेले, आणि ती खोली नीट पाहिली. चारही भिंतींना सोलापुरी चादरी टांगलेल्या, लाल, हिरव्या, मोरांच्या, फुलांच्या. सुताराकडून करून घेतलेले कमरेइतके दोन स्पीकर, आत मागावरचा टाकाऊ कापूस भरलेला. जुन्या वाल्वचा अ‍ॅम्प्लिफायर निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. रेकॉर्ड ठेवलेल्या होत्या दवाखान्यानं मोडीत काढलेल्या औषधांच्या लोखंडी कपाटांत. एका दारावर अजून 'विष' लिहिलेलं होतं. आणि मधोमध एकच खुर्ची.

"एकच का?"

"दोन्ही कानांला बरोबर पोचंल अशी जागा एकच असती. तुमी बसा. मी खाली बसते."

मी बसले. समोरच्या भिंतीतून डावीकडे कुणी ड्रमवर ब्रश फिरवत होतं, उजवीकडे कुणीतरी सॅक्सोफोन घेऊन उभं होतं; हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. संगीत मला कळलं नाही, आवडलंही नाही. तसं मी सांगितलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "छान हाय म्हणणारे परत येत न्हाईत."

मी परत जात राहिले. त्यांचं बोलणं ऐकायला जात होते, हे दोघींनाही माहीत होतं.

सिस्टरांचं मूळ गाव केम. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. रेल्वेच्या चाळीत शेजारी एक गोव्याचं कुटुंब होतं. घरातल्या आंटीकडे ग्रामोफोन होता. शाळेतून आल्यावर वत्सला भिंतीला पाठ लावून बसे. आई म्हणे, ताप आलाय का तुला? ते कुटुंब गाव सोडून गेलं तेव्हा आंटीनं ओंजळभर रेकॉर्ड तिच्या हातात दिल्या. घरात वाजवायला यंत्र नव्हतं. नोकरी लागेपर्यंत वत्सलानं त्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घड्यांत जपल्या आणि पहिल्या पगारात जुना ग्रामोफोन आणला.

मग बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामानं विचारलं, मुलीला गाता येतं का? "गाता येत न्हाय, ऐकता येतं," म्हणून हिनं रेकॉर्ड लावली. मामा म्हणाले, बंद करा ते. ती म्हणाली, संपू द्या. संपेपर्यंत पाहुणे चपला घालत होते. हे सांगताना सिस्टर मनापासून हसत. "पुना आले कितीतरी. पर प्रत्येकाला आधी रेकॉर्ड बंद करून पायजे हुती."

रेकॉर्ड त्यांनी कुठून कुठून आणल्या! मुंबईचा जुना बाजार, पुण्यातली बंद होणारी दुकानं, परगावी निघालेल्यांची घरं. एकदा गावातल्या एका जुन्या गिरणीच्या साहेब लोकांच्या क्लबचं सामान भंगारात निघालं, तेव्हा ड्युटी संपवून त्या पांढऱ्या साडीतच भंगारवाल्याकडे पोचल्या. तो बिचारा समजावत होता, "सिस्टर, नक्को लेव. इसमें गाना नै, खाली बाजा है." सिस्टर म्हणाल्या, "बाजाच पायजे. गाणं तुमी ठेवा." आणि धुळीनं माखलेला तो ढीग रिक्षात घालून घरी आणून एकेक रेकॉर्ड त्यांनी नवजात बाळ पुसावं तशी पुसली.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बिराजदार साहेब त्यांना एकदा म्हणाले, "आपलं एवढं संगीत सोडून हे परक्यांचं कशाला?"

"शेंगाची चटणी खाता नव्हं?" सिस्टर म्हणाल्या. "शेंग काय सिद्धेश्वराच्या तळ्यात उगवली हुती व्हय? ती बी लांबनंच आली की. आपल्याला पचली, आपली झाली."

मीही त्यांना एकदा विचारलेलं, यात तुम्हाला नेमकं काय आवडतं? त्यांनी पुष्कळ विचार केला. "ह्यात कुणी कुणाला गप बसवत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर दुसऱ्याचं ऐकल्याबिगर कुणी बोलत बी न्हाय."

त्या वर्षी सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यांना घरी आणलं आणि चारच दिवसांत आमच्या रस्त्यानं एका मंडळाची मिरवणूक निघाली. दोन टेम्पो, त्यांवर पुढे-मागे रचलेली डीजेची भिंत. अजून ती चौकात होती तेव्हाच आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. मी वर पळाले. सिस्टरांनी खाली येऊन त्यांची नाडी धरली, थोडा वेळ धरून ठेवली, मग मला म्हणाल्या, "ह्यांना मागच्या खोलीत न्या. कानात कापूस घाला." आणि आमच्या हॉलमधली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून त्या जिना उतरल्या.

मी गॅलरीतून पाहत होते. रस्त्याच्या मधोमध, पहिल्या टेम्पोसमोर, त्यांनी खुर्ची आडवी टाकली आणि बसल्या. टेम्पो थांबला. नाचणारी पोरं थांबली. मंडळाचा अध्यक्ष नागेश पुढे आला. आमच्याच भागातला, पंचविशीतला. त्याच्या लहानपणी गोवराच्या तापात सिस्टर त्याच्या घरी जाऊन बसल्या होत्या.

"आजी, उठा की. मिरवणूक हाय."

"मिरवणूक जाऊ दे. भिंत बंद कर. वर ऑपरेशनचा पेशंट हाय."

"तुमच्या घरात बी एवढं मोठं स्पीकर हायत की!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि पोरं हसली.

"हायत. खालच्या मास्तरीणबाईला इचार, ऐकू येतंय का. आवाज मोठा असणं येगळं, भरलेला असणं येगळं. फुगा बी मोठा असतो आन् कलिंगड बी."

नागेशनं वळून टेम्पोकडे पाहिलं. पण पोरांना ते अपमानाचं वाटलं असावं. डीजे चालवणाऱ्याला कुणीतरी खूण केली आणि त्यानं आवाज वाढवला, म्हातारी आपोआप उठेल म्हणून. समोरच्या दुकानाचं शटर खडखडायला लागलं. मी गॅलरीत दोन्ही कान दाबून उभी होते. सिस्टरांचा डावा कान त्या भिंतीकडे होता. त्यांनी कानावर हात ठेवला नाही. मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसावं तशा त्या बसून राहिल्या. शेवटी पोलिसांची गाडी आली आणि टेम्पो मागे वळवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर दार नुसतं लोटलेलं होतं. सिस्टर आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, रेकॉर्ड फिरत होती. त्यांनी मला पाहिलं आणि डाव्या स्पीकरकडे बोट दाखवलं. "ह्याची वायर तपासली. सुई तपासली. वाल्व बदलून बघितला. समदं ठीक हाय." मग म्हणाल्या, "म्हंजे मीच बिघडले."

कानाच्या डॉक्टरांनी औषधं दिली, तपासण्या केल्या. काही दिवसांनी सांगितलं, नस मेली आहे, डावा कान आता परत येणार नाही. परतताना रिक्षात मी रडत होते आणि सिस्टर माझ्यावर वैतागत होत्या. "तुमी कशाला रडता? कान तुमचा गेला का?" घरी आल्यावर मात्र त्या आठवडाभर दार बंद करून बसल्या. वरून कसलाच आवाज नव्हता, आणि या वेळी दोष वाळूच्या पिशव्यांचा नव्हता.

आठव्या दिवशी फर्निचर ओढल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर त्यांनी एक स्पीकर भिंतीला तोंड करून ठेवला होता आणि दुसरा खुर्चीच्या उजव्या हाताला, जवळ. कपाटातून सगळ्यात जुन्या रेकॉर्ड काढून जमिनीवर मांडल्या होत्या.

"ह्या एकाच मायकवर काढलेल्या," त्या म्हणाल्या. "ह्यात डावं-उजवं न्हाईच. तवा एकाच भोंग्यातनं माणसं ऐकत हुती, ती काय बहिरी हुती? पन्नास वर्सं म्या ह्यांच्याकडं बघितलं न्हाय धड. बसा. आज उजवीकडं बसा, म्हंजे बोललेलं ऐकू यील."

बिराजदार साहेब सभेत म्हणाले की सिस्टरांमुळे सोसायटीचं मंडळाशी वाकडं आलं, त्यांनी माफी मागून टाकावी. सिस्टर उभ्या राहिल्या. "कशाची माफी? बसले त्याची? मग पुना बसले की दोन्हींची एकदम मागते." सभा तिथंच संपली.

आणि वर्षभरानं नागेश स्वतः आला. मी तिथंच होते. पेढे घेऊन आला होता. मान खाली घालून म्हणाला, "आजी, यंदा तुमच्या बिल्डिंगसमोर आवाज एकदम बंद. माझा शब्द हाय."

"आन् पुढं?"

"पुढं म्हंजे?"

"पुढच्या चौकात बाळंतिणीचा दवाखाना हाय. तितं?"

"आजी, एवढं कुटं बघत बसायचं?"

"तू बघ, न्हायतर मी बघते. पेढे घिऊन जा. काम झाल्यावर आण."

सिस्टर या उन्हाळ्यात गेल्या, झोपेत. कपाटं, रेकॉर्ड आणि वाजवायचं यंत्र त्यांच्या भावानं माझ्याकडे आणून ठेवली. तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. कारणही सांगितलं होतं: "आवडणारा माणूस घासून घासून झिजवतो. हिला आवडत न्हाय, हिच्याकडं नीट ऱ्हातील." दर रविवारी मी एक तरी लावते. अजून फारसं कळत नाही. पण त्यांची आठवण निघते तेव्हा मला ती खोली दिसत नाही. दिसतो तो नागेश पेढे घेऊन आला त्या वर्षीचा, बाळंतिणीच्या दवाखान्यासमोरचा रस्ता.

आम्ही दोघी रिक्षानं गेलो होतो. दवाखान्याच्या फाटकाजवळ सिस्टरांनी रस्त्यात खुर्ची टाकली; या वेळी उलटी, उजवा कान येणाऱ्या टेम्पोकडे करून. माझ्या ते उशिरा लक्षात आलं. मी म्हणाले, "सिस्टर, अशा नका बसू." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही. मिरवणूक वळणावरून आली, धरण फुटल्यासारखा आवाज आला. नागेश सगळ्यांच्या पुढे होता. त्यानं खुर्ची पाहिली, खुर्ची कशी ठेवलीय ते पाहिलं, आणि पळत आला. खाली वाकून त्यांच्या कानाशी ओरडला, "आजी, पाया पडतो, उठा. एक कान गेलाय तुमचा!"

"दुसरा हाय की अजून," सिस्टर म्हणाल्या.

नागेश वळला, टेम्पोवर चढला आणि जनरेटर बंद केला. पोरं त्याच्यावर ओरडत होती, एकानं त्याची गचांडी धरली. पण त्यानं कुणाला जनरेटरला हात लावू दिला नाही. मिरवणूक नुसत्या हलगीवर पुढे सरकली. दवाखान्याच्या खिडकीत एक बाई तान्हं घेऊन येऊन उभी राहिली.

मी सिस्टरांच्या खांद्याला हात लावला. "झालं. चला घरी."

त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथून दुसऱ्या मंडळाची भिंत वळण घेत होती.

"तुमी जावा, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "सासूबाईंची गोळी ऱ्हायली असंल. मी हाय हितं."