देव पाण्यात, नात बर्फात

नात जागतिक स्पर्धेत स्कीइंगला उतरणार होती, त्या दिवशी सकाळी मी गणपती पाण्यात ठेवला. सौदीतल्या राबिघच्या घरात आमचे देव कपाटात, डाळींच्या डब्यांमागे असतात. स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, पितळेचा गणपती त्यात बसवला. मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचा नाही, अशी आमची रीत. जिंकू दे असं मागितलं नाही. धड खाली येऊ दे, एवढंच.

मुलगा इथे रिफायनरीत इंजिनिअर. त्याआधी त्याची नोकरी थंड देशात होती, तिथल्या शाळेत पोरीला हा नाद लागला. आम्ही इकडे आलो, ती कॉलेजसाठी तिकडेच राहिली. आता भारताकडून खेळत होती. लोकांनी अभिनंदन केलं. मी तिला हेल्मेट घालतेस ना, एवढंच विचारलं.

टीव्हीवर आधी नावाजलेल्या मुली आल्या. डोंगराची नुसती कड, त्यावरून मोटारीच्या वेगाने खाली. एक घसरली, जाळीवर आदळली आणि उठली नाही. लगेच दुसरंच काहीतरी दाखवायला लागले.

"आपली कधी?" मी विचारलं.

"शेवटी शेवटी," मुलगा म्हणाला. "तोवर बर्फ उखडतो, वाटेत चर पडतात."

"म्हणजे पटाईत मुलींना गुळगुळीत रस्ता आणि नवख्यांना खड्डे. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"आई, गप्प बस ना जरा."

तो नखं खात होता. सून हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. तिने रजा घेतली होती, पण टीव्हीसमोर येईना. कांदा चिरता चिरता आतून विचारायची, "ती जाळीतली उठली का?" आम्हाला कुठे माहीत.

नातीची पाळी यायच्या आतच टीव्हीवाल्यांनी कार्यक्रम संपवला. मुलगा मोबाइलवर बघत बसला. नावांपुढे वेळ उमटत होती. नातीच्या नावापुढे वेळ आली नाही, नुसती तीन इंग्रजी अक्षरं आली.

"काय लिहिलंय?"

"शर्यत पूर्ण केली नाही."

"पडली?"

"ते यात लिहीत नाहीत, आई."

फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला. सुनेने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी कपाट उघडलं. गणपती पाण्यातच होता. वाटीला हात न लावता दार लोटून घेतलं.

मग तिचाच व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल होते.

"पाय दाखव," सून म्हणाली.

"मम्मी, आय अ‍ॅम फाइन. झेंड्यांमधून जायचं असतं ना, त्यातलं एक गेट चुकलं, बाहेर गेले. माझी मीच खाली आले."

"दोन्ही दाखव. उभी राहून."

तिने दाखवले. सून तिथेच फरशीवर बसली.

"आजी, तू देव पाण्यात ठेवलास ना? काय मागितलंस?"

"धड खाली यावीस."

"आणि शर्यत पूर्ण करायचं?"

"ते तुझं काम."

रडता रडता ती हसली. म्हणाली, "परवा दुसरी शर्यत आहे. या वेळी त्याला नीट सांग."

फोन संपल्यावर मुलगा म्हणाला, "काढ आता त्याला बाहेर."

मी पाणी बदललं. मागणं बदललं नाही.