मला प्रश्न विचारा

"बसू नकोस. झालं तुझं."

मी नुसती खुर्ची ओढली होती. तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून आलेला तो परीक्षक माझ्याकडे बघतही नव्हता. त्याचं बोट समोरच्या कागदावर, माझ्या आडनावावर. पुढे कॅटेगरीचा रकाना.

"राहायला कुठे?"

"घाटकोपर. डोंगरावरच्या वस्तीत."

"वाटलंच. पास केलंय तुला. जा, पुढच्याला पाठव."

शेजारी आमच्या मॅडम बसल्या होत्या. वर्षभर त्यांनीच आम्हाला शिकवलं. त्या मोबाइलमध्ये बघत होत्या.

अंधेरीचं पॉलिटेक्निक, इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं पहिलं वर्ष. आम्ही मूळचे जालन्याकडचे. आई मॉलमध्ये साफसफाई करते. दहावीच्या पुढे गेलेली घरात मी पहिलीच. वर्षभर लॅबमध्ये ग्रुपमधल्या मुलांनी मला वायरीला हात लावू दिला नाही. "तू रीडिंग लिही ना, तुझं अक्षर मस्त आहे." मी लिहीत राहिले. परीक्षेच्या सकाळी मात्र प्रत्येकाला एकट्यानं सर्किट जोडायचं होतं. बल्बच्या ओळीत अॅमीटर, बल्बच्या दोन टोकांना व्होल्टमीटर. मी जोडलं. बल्ब लागला. मला ओरडावंसं वाटलं होतं.

आणि आता हा म्हणत होता, जा.

माझ्या आधी आत गेलेला मुलगा मुलुंडचा. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. त्याला पॉवरचं युनिट विचारलं, तो "ओहम" म्हणाला. परीक्षक हसला. "अरे, टेन्शन नको घेऊ. पाणी पी. आता सांग." तो पाणी प्यायला आणि वॅट म्हणाला.

मला पाणी नको होतं. मला प्रश्न हवा होता.

"सर, मला प्रश्न विचारा."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "कशाला? तुम्हा लोकांना पास व्हायचं असतं ना? केलंय."

मॅडम म्हणाल्या, "अगं, मिळतायत मार्क तर घे ना. कशाला नाटक?"

नाटक.

मी खुर्चीत बसले. "सगळ्यांना विचारलंत. मलाही विचारा."

त्यानं पेन टेबलावर टाकलं. "ठीक आहे. दोनशे तीस व्होल्ट. करंट दोन अँपिअर. रेझिस्टन्स आणि पॉवर. बोल."

व्होल्टेजला करंटनं भागायचं. "एकशे पंधरा ओहम."

"पॉवर?"

व्होल्टेज गुणिले करंट, एवढंच करायचं होतं. पण मला दाखवायचं होतं की दुसरा रस्ताही येतो. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. घाईत वर्ग करायचाच राहिला. दोन गुणिले एकशे पंधरा.

"दोनशे तीस वॅट."

तो खदखदून हसला. "दोनशे तीस तर मीच दिले होते! तेच परत देते! बघितलंत मॅडम? म्हणून मी यांना विचारत नाही."

मॅडमही हसल्या.

माझे कान तापले. मुलुंडच्या मुलाची चूक त्याच्या एकट्याची होती. पाणी पिऊन पुसली गेली. माझी चूक मात्र आमच्या सगळ्यांची. आईची, डोंगरावरच्या प्रत्येक घराची, अजून शाळेतही न गेलेल्या पोरींची. एक वर्ग राहिला आणि यानं अख्खी जात नापास केली. आरक्षणानं मला आत आणलं, तो माझा हक्क आहे, त्याची मला लाज नाही. पण आत आलेल्या माणसाला काही विचारायचंच नाही, ही त्याला परत बाहेर ढकलायचीच रीत आहे. दया दाखवून ढकलायची.

"चुकले," मी म्हणाले. "वर्ग राहिला. चारशे साठ वॅट. पहिल्या उत्तराचे मार्क कापा. पुढचा प्रश्न विचारा."

हसू थांबलं. "मघाशी पास होतीस. आता नाहीस. कळलं?"

"कळलं. पुढचा प्रश्न विचारा."

"बाहेर हो!"

मी उठले. रडले नाही. जिन्यात आल्यावर रडले, रागानं.

केटी लागली, म्हणजे ही परीक्षा पुन्हा द्यायची. वर्गातली मैत्रीण म्हणाली, "गप उठली असतीस तर निघाली असतीस यार. वाट लावून घेतलीस." आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला मॉलमध्ये रोज बोलतात. मी ऐकून घेते. तू ऐकलं नाहीस." त्यात शाबासकी होती की भीती, मला अजून कळलेलं नाही.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. तो काय बोलला, मॅडम काय बोलल्या, शब्दन् शब्द. माझी चूकही लिहिली. मुलुंडच्या मुलाला म्हटलं, तुला काय विचारलं तेवढं तरी प्राचार्यांना सांग. तो म्हणाला, "मला नको यात घेऊस ना."

काल विभागप्रमुखांनी बोलावलं. आवाज गोड. "बाळा, तुझ्या करिअरचा विचार कर. तक्रार मागे घे, केटीचं आपण बघून घेऊ."

पुन्हा तेच. न विचारता पास.

मी म्हटलं, "सर, केटीची परीक्षा मी देईन. तक्रारही राहील."

"दोन्ही जमणार नाही तुला."

"दोन्ही करणार."

केटीला मी बसणार. मला प्रश्न विचारल्याशिवाय मी उठणार नाही. चुकले तर माझी चूक माझ्या एकटीच्या नावावर लागेल. ती माझ्या जातीच्या नावावर मांडणाऱ्याला मी सोडणार नाही.