खुशालराव पिकअप शिकतात

आमच्या भागात नवीन यंत्र आलं की घरातला सगळ्यांत तरुण माणूस त्याच्यावर बसतो आणि सगळ्यांत जुना माणूस बागेच्या राखणीला जातो. कोणी कोणाला विचारत नाही. खुशालरावांचंही तेच व्हायचं होतं.

खुशालराव बासष्ट वर्षांचे आहेत. मूळचे तिवशाकडचे. एकोणिसाव्या वर्षी सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, अचलपूरजवळच्या आमच्या गावात आले आणि एकाच घरी राहिले. आधी त्या घरची बैलगाडी हाकली, मग ट्रॅक्टर, मधली काही वर्षं लहान टेम्पो. धनी गेले, आता त्यांचा मुलगा किशोर संत्र्याची बाग बघतो. तो खुशालरावांना काका म्हणतो, ते त्याला भाऊ म्हणतात. खुशालरावांची उंची बेताची, पाय मोठे, बोलणं मोजकं. गाडीत चढताना चपला बाहेर काढून ठेवतात. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पायाले समजलं पायजे बाई, खाली काय चालू आहे ते." मला वाटलं होतं श्रद्धेचा भाग असेल. नव्हता.

मी स्वतः अमरावतीच्या कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि आता किशोरच्या बागेला लागून माझी चार एकर आहे, तिथे राहते. किशोर माझा विद्यार्थी. बरा होता.

गेल्या वर्षी ऐन तोडीत पाऊस आला आणि किशोरची ट्रॉली बागेच्या वाटेवर पाच दिवस रुतून बसली. आमच्याकडची काळी माती ओली झाली की चाकाला बिलगते आणि चाकाचं पिंप करते. म्हणून यंदा त्याने अकोल्याच्या एका कंत्राटदाराकडून जुनी पिकअप आणली. चारही चाकांना जोर पुरवणारी, उंच, मागे हौदा, पुढे दोन रांगांत बसायची सोय. अंगणात आणून उभी केली आणि खुशालरावांच्या देखत मला म्हणाला, "मॅडम, हिच्यात बटनंच बटनं आहेत. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू व्हायच्या आत काकांना जमलं तर ठीक. नाही तर परतवाड्याचा गजेंद्र ठेवतो. काका बाग राखतील."

संध्याकाळी खुशालराव माझ्या दारात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, गाडीच्या कप्प्यात सापडलेलं.

"बाई, हे वाचून दाखवान का?"

"सगळं?"

"माह्या कामाचं तेवढं. राखणीले मी मेल्यावर जाईन."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तास. ते चालकाच्या सीटवर अनवाणी, मी बाजूला पुस्तक घेऊन. बहुतेक बटनं बिनकामाची निघाली. सीट गरम करायचं एक बटन होतं. अकोल्याच्या उन्हाळ्यात त्या कंत्राटदाराने त्याचं काय केलं देव जाणे. खरी गोष्ट होती गिअरच्या दांड्यामागची गोल खुंटी. तिच्यावर तीन जागा: 2H, 4H, 4L. मी कॉलेजातल्या सवयीने जोर, वेग, दातांचं गुणोत्तर असं सुरू केलं. खुशालराव ऐकत होते, पण त्यांचे डोळे बाहेर कडुनिंबावर गेले होते. मला ते डोळे ओळखता येतात. शेवटच्या बाकावर ते एकतीस वर्षं पाहिले आहेत.

मी पुस्तक मिटलं. "हे बघा. पहिली जागा म्हणजे दोन बैल जुंपलेले, मागचे. दुसरी जागा म्हणजे पुढची जोडीही जुंपली, चार बैल. तिसरी म्हणजे तेच चार बैल, पण पाऊल मोजून टाकणारे. वेग नाही, ओढ मोठी."

"असं सांगा ना मंग," ते म्हणाले. "दांडे न् दात कायले काढले मधात?"

त्यानंतर गाडी धावली. तिसऱ्या जागेवर जायचं तर गाडी पूर्ण थांबवायची, न्यूट्रल करायची, क्लच दाबायचा, खुंटी फिरवायची आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहायची. हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकणारं एक बटन होतं. ते फक्त तिसऱ्या जागेवर आणि स्टिअरिंग सरळ असतानाच दाबायचं. तेही एकदाच सांगितलं. उतारावर गाडी आपणच ब्रेक धरते हे मात्र त्यांना आवडलं नाही. "माहा पाय काय करते मंग?" त्यांची बायको माणिकबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "पाय घरी ठेवून जात जा. तेवढेच घरी तरी दिसान." मी हसले, खुशालराव हसले नाहीत. आठव्या दिवशी ते बागेच्या ओल्या वाटेवरून गाडी अशी काढून आणू लागले की माझ्या मनात आलं, झालं काम.

झालं नव्हतं. तोडीला चार दिवस होते. किशोर म्हणाला, चला, अचलपूरपर्यंत जाऊन येऊ. खुशालरावांनी चार बैल जुंपून बागेतून गाडी काढली, डांबरी रस्त्याला लागले आणि तसेच अचलपूरपर्यंत गेले. पेट्रोल पंपावर वळण घेताना गाडी अडखळू लागली. स्टिअरिंग जड झालं, चाकं उड्या मारायला लागली, खालून दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. पंपावरचे चारजण बघायला आले. खुंटी अजून 4H वरच होती.

"काका, नऊ किलोमीटर तुम्ही फोर व्हीलमध्ये आणली?" किशोरने विचारलं.

"अर्ध्या रस्त्यात जू काढते का कोनी?" खुशालराव म्हणाले. "जुंपले तर घरी जाऊनच सोडायचे. मंधात सोडले तर त्या दोघाइले न्यायचं कसं?"

बरोबरच आहे. जो माणूस बारा वर्षं बैलगाडी हाकतो तो मध्येच पुढची जोडी सोडून देत नाही. किशोरने तिथेच उभं राहून गजेंद्रला फोन लावला. सोमवारी ये म्हणाला.

संध्याकाळी खुशालराव पुन्हा दारात. "बाई, पुस्तक अजून एकडाव वाचा."

मी चष्मा लावला. ते पान काढलं. चौकटीत, जाड अक्षरांत छापलं होतं: कोरड्या, कठीण रस्त्यावर चार चाकांवर चालवू नये. ती चौकट मी पाहिली होती. इतकं उघड आहे, काय वाचायचं, म्हणून ओलांडून गेले होते. शिक्षकाने करायच्या चुकांत ही पहिली. वर बैलांचा दाखलाही माझाच. मी तडक किशोरकडे गेले आणि सांगितलं, चूक माझी आहे.

"मॅडम, चूक कोणाची का असेना, गिअरबॉक्स माझा आहे."

"शनिवारची तोड कोण नेणार? गजेंद्र तर सोमवारी येतो."

तो जरा वेळ फोनकडे बघत बसला. "शनिवार काका करतील. पण मी बाजूला बसेन."

"मी मागे बसेन," मी म्हटलं. त्याने नाही म्हणायच्या आत मी घरी आले.

दुसऱ्या सकाळी मी खुशालरावांना माझ्या अंगणातल्या ओल्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून एक गोल फिरायला लावलं. गाडी बाजूला घेतल्यावर मातीत चार चाकांचे चार गोल उमटलेले. एकही दुसऱ्यावर नाही.

"आता मोजा."

ते प्रत्येक गोलावरून पावलाला पाऊल लावून चालले, ओठ हलवत. पुढच्या बाहेरच्या चाकाचा गोल सगळ्यांत मोठा, मागच्या आतल्याचा सगळ्यांत लहान. फरक तीस पावलांच्या वर गेला. मग ते त्या गोलाच्या मध्यावर उकिडवे बसले आणि बोटाने मातीत रेघा ओढत राहिले. मी घड्याळ पाहिलं. मला गप्प बसणं जमत नाही, पण तेवढं जमवलं.

"खळ्यात मधात मेढीचा खांब, त्याच्याभोवती बैल फिरवायचो," ते शेवटी म्हणाले. "मेढीजवळ म्हातारा बैल बांधायचा, कडेले तरना. कडेचा पयते, आतला डुलत चालते. दोघाइले सारखंच चालवलं तर दावं तुटते."

"आणि इथे?"

"इथं पुढचे न् मागचे एकाच दाव्यात बांधले हायेत. गाऱ्या-चिखलात चाक घसरते, तर दाव्याले ढील भेटते. डांबर घसरू देत नाई. मंग ते आतून तुटाले पायते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पयलेच काहून नाई सांगतलं?"

"माझं वाचायचं राहिलं."

"मास्तरीन असून?"

"मास्तरीण असून."

ते उठले आणि चिखल झटकत चपलांकडे गेले. मला वाटतं, त्यांनी मला माफ केलं. विचारलं नाही.

गुरुवारी पाऊस झाला. शनिवारी सकाळी बायांनी संत्री तोडून चाळीस प्लास्टिकचे कॅरेट भरले, ते हौद्यात चढले, किशोर डावीकडे बसला, मी मागे. खुशालरावांनी खुंटी तिसऱ्या जागेवर घेतली, दिव्याची वाट पाहिली, दुसरा गिअर टाकला. वाटेवरच्या एका बाभळीपाशी गाडीचं डावं अंग बसलं आणि चाक जागच्या जागी फिरू लागलं.

"रेस द्या काका, रेस."

खुशालरावांनी पाय उचलला. इंजिन शांत झालं. ते खाली उतरले, वाकून चारही चाकांकडे पाहिलं, वर आले, स्टिअरिंग सरळ केलं, ते बांधून टाकणारं बटन दाबलं आणि क्लच इतका सावकाश सोडला की आधी मला गाडी हललेली कळलंच नाही. वर आल्यावर बटन लगेच बंद.

पुढे नाला. वर मेळघाटाकडे पाऊस जास्त झाला असावा, पाणी गढूळ होतं. पलीकडे शंभर पावलांवर डांबरी रस्ता दिसत होता. खुशालरावांनी गाडी थांबवली, बाभळीची काठी घेतली आणि पाण्यात शिरले.

"किती आहे?" किशोर ओरडला.

"मांडीच्या खाली."

"मग चला ना. मॅडमनीच वाचून दाखवलं, सत्तर सेंटिमीटरपर्यंत चालते ही."

खुशालरावांनी काठी रोवली. तळाला टेकल्यावरही ती अजून हातभर आत गेली. "पानी पन्नास आहे, भाऊ. त्याच्या खाली गारा आहे नवा. तो पुस्तकात नाई."

"व्यापाऱ्याचा ट्रक उभा आहे अचलपुरात."

"राहू द्या. गाडी इथं बसली तर तो ट्रक दिवाळीपर्यंत उभा राहीन."

ते पाण्यातून वरच्या अंगाला चालत गेले, दर चार पावलांवर काठी रोवत. तीसेक पावलांवर काठी टक्क वाजली. गोटे होते. पण तिथला अलीकडचा काठ कमरेइतका उभा. खुशालराव परत आले, हौद्यातून फावडं काढलं आणि काठ उतरता करायला लागले. एकटेच. दहा मिनिटं किशोर फोनवर व्यापाऱ्याशी बोलला, मग फोन माझ्या हातात दिला आणि दुसरं फावडं घेतलं. पाऊण तास दोघे खणत होते. मी व्यापाऱ्याला सांगितलं की पुन्हा फोन करू नका, वाट लांब आहे.

मग तिसरी जागा, पहिला गिअर. खुशालरावांनी दोन्ही पाय क्लच आणि ब्रेकवरून काढून खाली ठेवले, जसं पुस्तकात होतं, आणि गाडीला आपल्या चालीने पाण्यात जाऊ दिलं. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं. पलीकडचा काठ चढताना कॅरेट मागे सरकले, एवढंच.

डांबरावर चाकं लागायच्या आधी, मुरमावरच, ते थांबले. न्यूट्रल. क्लच. खुंटी थेट पहिल्या जागेवर. दिवा विझेपर्यंत हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. किशोर त्या दिव्याकडेच पाहत होता.

"सोडले?" त्याने विचारलं.

"सोडले. इथून दोघंच नेतात."

संत्री वेळेत पोचली नाहीत, पण पोचली. परत येताना किशोरने स्टिअरिंग मागितलं. खुशालराव निमूटपणे डावीकडे जाऊन बसले. मुरमावर आल्यावर किशोरने गाडी चालू असतानाच खुंटीकडे हात नेला.

"थांबा," खुशालराव म्हणाले. "उभी करा पयले. न्यूट्रल. आता पाय दाबा. दिवा पाहा, माह्याकडे नका पाहू."

किशोरने गाडी उभी केली आणि दिव्याकडे पाहिलं. कॉलेजात असताना त्याने माझं एवढं ऐकलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता.

सोमवारी सकाळी गजेंद्र आला. चांगला मुलगा आहे, तिशीचा, केस नीट विंचरलेले. पिकअपभोवती एक फेरी मारून त्याने चावी मागितली. किशोरने त्याला ट्रॅक्टरची दिली.

"पिकअपवर काका आहेत," तो म्हणाला.