मोटेचं गाणं आणि नंतरच्या टाळ्या

दादाचा आवाज काढून टाकला त्याला दोन वर्षं झाली. मी असंच म्हणतो, काढून टाकला. डॉक्टर म्हणाले होते, गाठ स्वरयंत्रावरच आहे, जीव हवा की गळा ते ठरवा. आता गळ्याला भोक आणि त्यावर वहिनीनं रोज धुऊन बांधलेला रुमाल. तंबाखूला आग लागो, असं मी एकदा त्याच्या तोंडावर बोललो. दादा उठून गोठ्याकडे चालता झाला. धाकट्या भावाला उलटून दोन शिव्या हासडायची सोयसुद्धा त्याला राहिली नव्हती, आणि मला त्या शिव्यांचीच आठवण येत होती.

या उन्हाळ्यात दुखणं छातीत उतरलं. घरीच ठेवा, असं सांगून नगरच्या दवाखान्यानं हात वर केले. त्याच आठवड्यात बाजरी निवडता निवडता वहिनी मला म्हणाली, "भावजी, मला ह्यांचा आवाज आठवंना झालाय. डोळं मिटलं की त्वांड हलताना दिसतंय, पन ऐकू काय येत न्हाई. रेडिओवर गायले हुते ना? कुठंतरी आसंलच की वो. जायच्या आत एकदा ऐकवा."

व्हय म्हणालो आणि तिथंच अडकलो.

रेडिओचं असं होतं. आम्ही ऐन पंचविशीत होतो तेव्हा नगरहून रेडिओची गाडी गावोगाव फिरायची. दर गुरुवारी संध्याकाळी एका गावातून थेट कार्यक्रम व्हायचा. इथं गायलं की त्याच क्षणी साऱ्या जिल्ह्यात ऐकू जायचं. आमच्याकडे देवळासमोर वारा फार, म्हणून कार्यक्रम सांगणाऱ्या बाईंनी कांद्याची शेड पसंत केली. कांदा नुकताच बाजाराला गेला होता. आम्ही टरफलं झाडून पोती अंथरली, पण वास काही हटेना. अख्खं गाव डोळे पुसत बसलेलं. बाईंना वाटलं, लोक गहिवरलेत.

खांबाला लाल दिवा बांधला होता. तो लागला की खोकायचं नाही, लेकरांना रडू द्यायचं नाही. आधी शेजारच्या वस्तीवरच्या ख्रिस्ती मंडळींचं कीर्तन झालं, मग आमचं भजनी मंडळ, मग भारूड, आणि शेवटी दादाचं मोटेचं गाणं. ते आमच्या वडिलांचं. विहिरीवर मोट हाकताना म्हणायचे. मोटा गेल्या, इंजिनं आली, गाणं तेवढं दादाच्या गळ्यात राहिलं. मोटेवर कसली आलीय ढोलकी? पण बाई म्हणाल्या ताल हवा, म्हणून मी ढोलकी घेऊन त्याच्या शेजारी बसलो.

दादा काय गायला राव! मोट विहिरीत सोडताना बैल मागं सरकवायचे असतात, त्याची एक लांब हाक आहे गाण्यात. ती त्यानं अशी लावली की शेडबाहेर बांधलेला बैल दावं ओढत मागं सरकला. खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आमच्या गावाचं शहाणपण ऐका. रेडिओ घरोघर होते. दुकानदारानं तर आपला टेप खास आमच्या घरी आणून ठेवला होता. दादा वहिनीला बजावून गेला होता, तू घरी थांब, गाणं लागलं की बटण दाब. वहिनी म्हणाली, "मानूस समोर गानार, आन् मी डब्यातून ऐकू? यडी हाय का मी?" नवं लुगडं नेसून ती पुढच्या पोत्यावर येऊन बसली. तिला एकटीला काय बोलणार? सगळ्यांनी तेच केलं. दुकानदारसुद्धा दुकानाला कुलूप लावून शेडमध्ये. सारा जिल्हा दादाला ऐकत होता आणि आमच्या गावात एकही रेडिओ चालू नव्हता.

पुढं टीव्ही आले, गाडी यायची थांबली, शेडमध्ये पुन्हा कांदा पडला. बैल गेला अन् झोपा केला, तसा मी आता टेप शोधत निघालो. नगरला रेडिओत जाऊन विचारलं. तिथल्या साहेबांनी आदरानं चहा दिला आणि म्हणाले, थेट कार्यक्रम होते हो ते, हवेत गेले. मी चहा अर्धा टाकून उठलो. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती, पण कुणावर तरी चिडायला हवंच ना माणसाला.

शेवटी त्या दिवशीच्या भारूडवाल्यांपैकी एकानं सांगितलं, मिरजगावला रस्त्यावर चहाचं हॉटेल होतं, त्याचा मालक दर गुरुवारी कार्यक्रम टेप करायचा आणि ट्रकवाल्यांना ऐकवायचा. मालक वारला होता. त्याच्या मुलानं माळ्यावरून खोकं काढलं. एका कॅसेटवर आमच्या गावाचं नाव! मी रस्त्यातच रडलो, लाज सोडून. भिंगारच्या बाजारातून आमचा, मागाहून घेतलेला जुना टेप दुरुस्त करून आणला आणि दुपारी दादाच्या खाटेपाशी लावला.

भारूड संपलं, बाई बोलल्या. मग दादा खोकला. मग स्पष्ट त्याचा आवाज, माझ्यावर खेकसलेला, "आरं, ढोलकी लांब धर जरा!" वहिनीनं तोंडावर पदर दाबला. माझी पहिली थाप पडली.

आणि लगेच टाळ्या.

मला कळेचना. कॅसेट मागं फिरवली, पुन्हा तेच. मग डोक्यात उजेड पडला. आमच्या शेडमध्ये रेडिओवाल्यांचा जनरेटर होता, मिरजगावच्या हॉटेलात नव्हता. तिकडं लाईट गेली. बटण दाबलेलंच राहिलं, लाईट आली तेव्हा टेप पुन्हा फिरायला लागला. तोवर गाणं संपलं होतं.

टाळ्या मात्र पुष्कळ होत्या. शिट्ट्या होत्या, दुकानदाराचं हसणं होतं, आमच्या आईचं "गप बसा रं" होतं. आणि त्या सगळ्यांच्या वरून एका बाईचा आवाज, "व्वा!" तो वहिनीचा. थोरामोठ्यांसमोर ओरडली म्हणून आईनं तिला नंतर कितीतरी दिवस टोमणे मारले होते.

"मी हाय की ह्यात," वहिनी म्हणाली. "समदी हाय. ह्येच तेवढे न्हाईत."

दादाचे खांदे हलत होते. आधी वाटलं हसतोय. मग त्यानं कोपऱ्यातल्या ढोलकीकडे बोट केलं. मी घेतली. तो ओठांनी अख्खं मोटेचं गाणं गायला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि मी वाजवत राहिलो. रुमालाखालून नुसती हवा फुसफुसत होती. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. गाणं संपलं तेव्हा टाळी कुणीच वाजवली नाही.

त्यानंतर दादा फार दिवस टिकला नाही. वहिनी ती कॅसेट अजून लावते. खोकला ऐकते, माझ्यावरचं खेकसणं ऐकते, ढोलकीची थाप पडली की खटकन बटण बंद करते. टाळ्या वाजू देत नाही. परवा मी म्हणालो, "वहिनी, राहू द्या की चालू. तुमचा आवाज हाय त्यात."

"त्योच नगं मला," ती म्हणाली.